उषाबाईंनी सोडलेलं ताक

मी एक जुनी रवी आहे. पिंपळगाव रेणुकाईत सर्जेरावांच्या स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेली. तातेराव सुताराने मला सागाच्या तुकड्यातून घडवलं, तेव्हा माझ्या पाकळ्यांना धार होती. दही घुसळून घुसळून त्या गुळगुळीत झाल्या. मित्रांनो, माझी झीज सगळ्यांना दिसत होती. उषाबाईंची कुणाला दिसली नाही.

उषाबाई म्हणजे सर्जेरावांची कारभारीण. सकाळी लोणी वर आलं की ताकाचा पहिला पेला त्यांचा. चिमूटभर मीठ टाकून उभ्यानेच प्यायच्या. दूध मात्र त्यांना सोसत नसे. अर्धा पेला घेतला तरी पोट फुगायचं.

लेक तृप्ती लहान असताना तापाने डोळे उघडेना. उषाबाई रेणुकामातेला नवस बोलल्या, "पोरगी उठू दे, मी दूध सोडते." पोरगी उठली. घर पुन्हा हसायला लागलं, तेव्हा सर्जेराव म्हणाले,

"देवीलाच फसवून राह्यली तू! जे पचत न्हाई, तेच देऊन आली. बिलकुल फुकटात सौदा!"

ते गंमत करत होते. उषाबाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिला पेला भरून नवऱ्यापुढे ठेवला.

"दही-ताक बी सोडलं. झाला का सौदा बराबर?"

त्यानंतरही रोज त्याच घुसळायच्या. सगळ्यांना वाढायच्या, स्वतः बोटभरही चाखायच्या नाहीत. भाकरी, ठेचा आणि दोन चमचे साखरेचा कोरा चहा, एवढ्यावर त्यांचं भागायचं.

तृप्ती शिकायला संभाजीनगरला गेली. अन्नशास्त्र शिकली, तिथेच नोकरीला लागली. एकदा अंगण झाडता झाडता उषाबाई नुसत्या वळल्या आणि पडल्या. खुबा मोडला. जालन्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं आणि सांगितलं, हाडं पोकळ झालीत.

तृप्ती धावत आली. आईच्या खाटेशी बसून म्हणाली, "आई, दुधातली साखर तुला पचत नव्हती. दही लागताना त्यातली बरीच साखर विरजणातले जंतूच खाऊन टाकतात, म्हणून ताक सोसायचं. तान्ह्या लेकराला ती साखर कॅल्शियम अंगी लावायला मदत करते. मोठ्या माणसांत तसं खात्रीनं सांगता येत न्हाई. पण साखर पचली न्हाई तरी कॅल्शियम बहुतेक अंगी लागतंच. तुझ्या आतड्याचा दोष नव्हता गं. त्याला मिळालंच न्हाई काही. असं काय होतं, की ताकसुद्धा सोडलं?"

उंबऱ्यावरून सर्जेराव म्हणाले, "दूध तुझ्यापायी सोडलं. आन् ताक माझ्या तोंडापायी."

तृप्तीने मला खुंटीवरून खाली काढलं, ताक केलं, पेला आईच्या ओठांशी नेला. उषाबाईंनी तोंड फिरवलं.

"दिलेलं माघारी घेतलं आन् तुला काही झालं तर?"

"मला काय होतंय आई? धडधाकट हाय मी."

"म्हणूनच तर."

मग तृप्तीने शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि तिळाची चटणी भरवली. त्यांतही कॅल्शियम होतं आणि नवस आड येत नव्हता, हे आधी कुणाला सुचलंच नव्हतं. उषाबाईंनी मुकाट्याने खाल्लं. पण त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. अंथरुणातच छातीत कफ भरला आणि मार्गशीर्षात त्या गेल्या.

सर्जेरावांनी ताक सोडलं. "माझ्या बी घशाखाली उतरत न्हाई आता," म्हणाले. तृप्तीने पेला वडिलांसमोर ठेवला आणि तिथेच बसली.

"ह्या घरात आता कुणी काही सोडायचं न्हाई, दादा. प्या."

ते रडत रडत प्यायले. ताक खारट झालं असेल.

मित्रांनो, तुमची आई सगळ्यांना वाढून शेवटी जेवायला बसते ना? आज तिच्याजवळ बसा. तिच्या ताटात काय नाही ते बघा, आणि का नाही ते तिला विचारा.