झोपेचं सोंग आणि वाढदिवसाचा ट्रे

मी ट्रे बोलतोय. हो, तोच, ज्याच्यावरून कॉफी येते आणि ज्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. माणसं बशी उचलतात, "वा, काय केक झालाय!" म्हणतात आणि मला खाटेखाली सरकवून देतात. त्याचं मला काही नाही. वर्षातून चार सकाळी या घरात माझ्यावाचून पान हलत नाही आणि त्या चार सकाळी मला वर्षभर पुरतात.

माझा जन्म स्वीडनच्या दक्षिणेतल्या एका छोट्या कारखान्यात झाला. भूर्जाच्या लाकडाचे कागदाएवढे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवायचे आणि तापलेल्या साच्यात दाबायचे, की झाला ट्रे. दाबताना जीव गुदमरला होता, पण त्यामुळेच मला चारी बाजूंनी काठ आला. अंगावर लाल रानबेरींची नक्षी छापली. मग इल्वाच्या मावशीने मला विकत घेतलं आणि इल्वा-तोर्केलच्या लग्नात आहेर म्हणून देऊन टाकलं. तेव्हापासून मी उत्तरेतल्या या तळ्याकाठच्या गावात आहे. इथे हिवाळा पाहुणा म्हणून येतो आणि घरजावई होऊन राहतो.

या घरात आधी तुवा आली, तिच्यामागून चार वर्षांनी एब्बे. मुलं आली आणि माझ्या आयुष्यातली शिस्त गेली. माझ्यावर ओले हातमोजे वाळले, चिकणमातीचे हत्ती वाळले. कुणाला ताप आला की मीच ब्लूबेरीचं गरम सार घेऊन अंथरुणापाशी गेलो. एकदा तर तुवाने मला मागच्या उतारावर नेलं, माझ्यावर बैठक मारली आणि घसरत थेट शेजाऱ्यांच्या कुंपणात नेऊन आदळलं. माझा एक कोपरा उडाला. तिचा एक दात पडला, पण तो तसाही हलतच होता.

हिवाळ्यातली रोजची सकाळ म्हणजे तर लग्नघर. एका मुलाला जाड कपड्यांत भरायचं, वर कानटोपी, हातमोजे, मफलर, बूट. तेवढ्यात दुसऱ्याने पहिला बूट काढलेला असतो. दोन्ही गाठोडी एकदाची दारात उभी राहिली की एक गाठोडं हमखास म्हणतं, "आई, शू."

पण वाढदिवसाची सकाळ वेगळी. त्या दिवशी बाकीचे सगळे अंधारात उठतात आणि पाय न वाजवता स्वयंपाकघरात येतात. माझ्यावर स्वच्छ रुमाल पसरतात. मग केक, पेटलेल्या मेणबत्त्या, छोटासा झेंडा आणि कागदात गुंडाळलेली भेट. तोर्केल मला उचलायचा, मागे सगळी वरात, आणि जिन्यापासूनच गाणं सुरू व्हायचं. ज्याचा वाढदिवस असेल त्याचं काम एकच. पडून राहायचं आणि गाणं दारात येईपर्यंत झोपेचं सोंग घ्यायचं. वाढदिवसवाला हा पहाटेपासून टक्क जागा असतो आणि भांड्यांचा प्रत्येक आवाज मोजत पडलेला असतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी कुणी तसं म्हणत नाही. झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला नाही, असं शहाणी माणसं रागाने म्हणतात. आमच्याकडे मात्र सोंग घेतलेल्यालाच केक मिळतो. एब्बे तर डोळे इतके घट्ट मिटतो की त्याचं नाकसुद्धा वर जातं.

आणि उठून बसलेल्या माणसाला ट्रे नेत नाहीत. उठलात की संपलं, खाली या आणि सगळ्यांसारखी टेबलावर बसून लापशी खा.

मागच्या शरदात तोर्केल पुलापलीकडच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला गेला. त्याआधीची भांडणं मी ऐकली नाहीत असं नाही, पण ट्रेने सगळंच बोलू नये. सामानाची वाटणी शांतपणे झाली. कॉफीचं यंत्र त्याच्याकडे गेलं, शिवणयंत्र इल्वाकडे राहिलं. मला कुणीच मागितलं नाही. दोघांच्याही लक्षात आलं नाही, की दोघांच्याही लक्षात होतं म्हणूनच कुणी तोंड उघडलं नाही, ते मला आजवर कळलेलं नाही.

मुलं तेव्हापासून एक आठवडा आईकडे, एक आठवडा बाबाकडे. अदलाबदल शुक्रवारी. मुलं नसली की इल्वा उभ्या उभ्याच जेवते, पातेल्यातून. मी पावाच्या डब्यामागे भिंतीला टेकून ते बघतो. मला फार वाईट वाटतं.

जानेवारीतल्या एका गुरुवारी जेवताना तुवाची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली आणि तिचा घास तसाच राहिला.

"आई, तुझा वाढदिवस बाबाच्या आठवड्यात आलाय."

"आला तर आला," इल्वा म्हणाली. "शुक्रवारी तुम्ही आलात की केक खाऊ. केकला काय, दोन दिवसांनी खाल्ला तरी गोडच लागतो."

"मग सकाळी गाणं कोण म्हणणार?" एब्बेने विचारलं.

"कुणी नाही. मी मस्त ताणून देणार."

"आणि ट्रे?"

"ट्रेपण ताणून देईल."

एब्बेने चमचा खाली ठेवला. पाच वर्षांच्या माणसाचा विचार करतानाचा चेहरा फार गंभीर असतो. "ट्रे आला नाही तर तू मोठी कशी होणार?"

"नाही झाले तर बरंच की रे! चाळिशी टळली."

ती हसली. तुवा हसली नाही. तिने उरलेले बटाटे काट्याने दाबून दाबून पार चेंदामेंदा केले आणि "झालं माझं" म्हणून उठली. इल्वाने त्या रात्री भांडी घासताना नळ जरा जास्तच जोरात सोडला होता. तिलाही लागलं होतं. पण आईने म्हणायचं असतं, "मला काही वाटत नाही", आणि मुलांनी ते खरं मानायचं असतं. हे सोंग मला मुळीच आवडत नाही.

शुक्रवारी मुलं गेली. बुधवारी वाढदिवस होता.

बुधवारी बाहेर मिट्ट काळोख असतानाच इल्वा खाली आली. अंगात झगा, पायांत लोकरीचे मोजे. किटलीत कॉफी केली. मग तिने मला डब्यामागून काढलं, टेबलावर ठेवलं, वर कॉफीचा मग ठेवला आणि चीज लावलेला पावाचा तुकडा. मला वाटलं, आता उचलेल. तिने दोन्ही हातांनी धरलंही. मग सोडून दिलं.

"वेडी आहेस का इल्वा," ती म्हणाली. "आपलाच ट्रे आपण वर न्यायचा आणि मग काय, आपणच गाणं म्हणायचं?"

ती खुर्चीवर बसली. पावाचा एक घास घेतला आणि तो बराच वेळ चावत राहिली. मी तिच्यासमोर होतो आणि माझ्यावर ना झेंडा ना मेणबत्ती. इतका निरुपयोगी मी कुंपणात आदळलो तेव्हाही नव्हतो.

तेवढ्यात खिडकीवरून उजेड सरकला. गाडीचं दार लागलं. बर्फावर पावलं करकरली आणि एक कुजबुज ऐकू आली. एब्बेची कुजबुज, म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

"तुवा, केक वाकडा झालाय!"

इल्वा ताडकन उठली. दाराकडे एक पाऊल टाकलं आणि थबकली. मी सांगितलं ना, उठलेल्या माणसाला ट्रे नेत नाहीत. आत्ता तिने दार उघडलं असतं, तर पोरांनी एवढ्या थंडीत, एवढ्या पहाटे केलेलं सगळं दारातच संपलं असतं. किल्ली कुलपात फिरू लागली. इल्वाने दिवा मालवला, झगा वर धरला आणि चाळिशीला टेकलेली ती बाई चवड्यांवर जिना चढून अशी पसार झाली की उंदराने शिकवणी लावावी. कॉफी माझ्यावर तशीच राहिली, वाफाळत.

मुलं आत आली. त्यांच्यामागे तोर्केल. तो पायपुसण्यावर उभा राहिला तो तिथेच. आमच्याकडे बूट काढले की माणूस घरात आला असं होतं. तोर्केलने बूट काढले नाहीत.

तुवाने दिवा लावला आणि तिला मी दिसलो. माझ्यावरचा कॉफीचा मग दिसला, एक घास खाल्लेला पाव दिसला. तिने मगाला हात लावला. चांगला गरम होता. तिने जिन्याकडे पाहिलं, मग एब्बेकडे.

"ही कॉफी कुणी केली?" एब्बेने विचारलं. त्याचा खालचा ओठ पुढे येऊ लागला. "आई उठलीय! तुवा, आई उठली! आता ट्रे नाही न्यायचा!"

"छे," तुवा म्हणाली. "कालची आहे ती."

"कालची गरम असते?"

"मोठ्यांची कॉफी लवकर गार होत नाही. हो की नाही, बाबा?"

पायपुसण्यावरून खोकल्याचा आवाज आला. "हो हो. फार वेळ लागतो तिला."

"आणि पाव?"

"उंदीर," तुवा म्हणाली आणि तो पाव तिने स्वतःच्या तोंडात कोंबला. मी कितीतरी माणसं पाहिली, पण इतका झटपट निकाल लावणारी नऊ वर्षांची पोर दुसरी पाहिली नाही.

मग घाई झाली. डब्यातून केक निघाला. आदल्या संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर बाप-लेकरांनी मिळून केलेला, एका अंगाने पार घसरलेला. क्रीम इतकं की खाली केक आहे हे विश्वासानेच मानायचं. झेंडा त्यात रोवला तो लगेच आडवा झाला. काडेपेटी तोर्केल विसरला होता, पण ती कुठल्या खणात असते हे त्याला दारातूनही सांगता आलं.

"बाबा, चल," एब्बे म्हणाला. "ट्रे तू धरतोस ना नेहमी."

"आज तुवा धरेल. मी इथूनच गातो."

"दारातून?"

"माझा आवाज मोठाय."

"वाईटपण आहे," तुवा म्हणाली.

"म्हणूनच दारातून."

तुवाने मला उचललं. माझं वजन तिला पेलेना, हे मला लगेच कळलं. पहिल्याच पायरीवर मी कलंडलो, केक सुटला आणि सरळ माझ्या काठावर येऊन धडकला. खाली तोर्केलने बुटांसकट एक पाऊल पुढे टाकलं, हातही पुढे केले आणि मग दोन्ही मागे घेतले. गाणं मात्र त्याने सोडलं नाही. मी काठाने केक धरून ठेवला. सगळी ताकद लावली. कारखान्यात मला दाबलं होतं ते याच पायरीसाठी, असं मला त्या वेळी वाटलं. तुवाने दात-ओठ खाल्ले, मला छातीशी टेकवलं, तिच्या जाकिटाला क्रीम लागलं आणि आम्ही वर पोचलो.

इल्वा गाढ झोपली होती. दुलई हनुवटीपर्यंत, श्वास संथ. फक्त चष्मा डोळ्यांवर होता.

एब्बेने गाणं मध्येच थांबवलं. "आई चष्मा घालून झोपलीय!"

"स्वप्नं नीट दिसावीत म्हणून," तुवा म्हणाली. "तू गा."

दुलई हलायला लागली. आधी वाटलं इल्वा हसतेय. हसतच होती, पण चष्म्याच्या काचेखालून पाणी कानाकडे ओघळत होतं. मग तिने डोळे उघडले, चांगली जांभई दिली आणि म्हणाली, "अगंबाई! तुम्ही? आज? मी तर अगदी मेल्यासारखी झोपले होते!"

तिने तुवाकडे पाहिलं. तुवाने तिच्याकडे. तुवाच्या ओठाच्या कोपऱ्याला चीज लागलं होतं. इल्वाने अंगठ्याने ते पुसलं.

"आता तू मोठी झालीस," एब्बेने जाहीर केलं आणि बुटांसकट दुलईत शिरला.

"खाली कोण रेकतंय?"

"बाबा. पायपुसण्यावर आहे."

"तोर्केल!" इल्वाने वरूनच हाक मारली. "केक खाऊन जा, तूच वाकडा केलायस तो!"

तोर्केलने केक खाल्ला, पायपुसण्यावर उभ्या उभ्या, बशी हनुवटीखाली धरून. इल्वा मला घेऊन खाली आली होती. "चाळीस," तो म्हणाला. "ऐकलं मी," ती म्हणाली. तेवढंच. पण मी त्या दोघांमध्ये होतो आणि मला अवघडल्यासारखं झालं नाही.

मुलांची शाळेची वेळ झाली. इल्वाने मला धुतलं, पुसलं. मला वाटलं, चला, परत डब्यामागे. तर तिने मला तोर्केलच्या हातात दिलं.

"फेब्रुवारीत एब्बेचा वाढदिवस तुझ्या आठवड्यात येतोय. भांडी धुण्याच्या मशीनमध्ये घालू नकोस हं त्याला, पापुद्रे सुटतात."

"तुझ्या मावशीने दिलेला आहे तो, इल्वा."

"मुलांचा आहे."

तोर्केलने मान हलवली. मला काखेत धरून तो बाहेर पडला.

आणि आता मी गाडीच्या मागच्या सीटवरून बोलतोय. एब्बेने मला पट्टा बांधलाय. अर्धा जन्म त्या घरात काढला, प्रवास म्हणाल तर त्या कुंपणापर्यंतचा. बाहेर अजून अंधारच आहे.

"तुवा," एब्बेने आत्ताच विचारलं, "आई खरंच झोपली होती?"

"हो."

एब्बेला तेवढं पुरलं नाही. "बाबा?"

तोर्केल आरशातून मागे बघतोय. लेकीकडे. "गाढ," तो म्हणाला.

बरं, पूल आला. नव्या घरात माझी जागा कुठे, फ्रिजवर की खिडकीत, ते अजून ठरायचंय. पुढेही मी एक आठवडा इकडे आणि एक आठवडा तिकडे करणार, असं दिसतंय. माझी काही तक्रार नाही. एकच विनंती आहे, दोन्ही घरच्या मोठ्यांना. मला कुठेही ठेवा, फक्त एब्बेचा हात पोचेल इतक्या खाली ठेवा. कुणाची तरी आई, कुणाचा तरी बाबा अंधारात डोळे मिटून पडलेला असेल आणि मला घेऊन जायची पाळी एब्बेची असेल.