पलीकडची हाक

"अगं, तोंडात मिठाची गुळणी धरली आहेस का?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

हिनं नुसतं पुढे बोट दाखवलं, म्हणजे चला.

गाडी दुरुस्तीला टाकली होती, म्हणून आम्ही दोघं पायीच लेकीकडे निघालो होतो. माझ्या खांद्यावर कुदळ, अंगात कामाचं जुनं निळं जाकीट. हिच्या हातात नातीसाठी विणलेलं टोपडं. ते विणून महिना झाला होता, पण नातीच्या डोक्यावर अजून चढलं नव्हतं, कारण महिनाभर लेकीनं आईला घरी येऊ दिलेलं नव्हतं. कारण काय, तर लेकीचा कुत्रा. हिची हाक ऐकली की म्हणे तो भलताच होतो. मी म्हटलं, कुत्र्यांतलं मला कोण शिकवणार? चल माझ्याबरोबर, आजच सोक्षमोक्ष लावतो.

दुपारचे चार वाजले होते. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना बैठी घरं, घरांपुढे हिरवळ, आणि कुंपण कुठेही नाही. म्हणजे दिसणारं नाही. न दिसणारं घरोघर होतं आणि ते सगळं मीच घातलं होतं. वीस वर्षं मी तेवढंच केलं. हद्दीवरून वीतभर खोल तार पुरायची, घरात एक खोका बसवायचा, कुत्र्याच्या गळ्यात पट्टा बांधायचा. कुत्रं तारेजवळ आलं की पट्टा आधी टिर्र वाजतो. तरी पुढे सरकलं की मानेला झटका. भिंत नको, जाळी नको, घराची शोभा जशीच्या तशी. लोक खूश होते.

कुत्रीही माझ्यावर खूश होती. पट्ट्याचे सेल बदलायला मी वर्षातून दोनदा जायचो आणि जाकिटाच्या खिशात कायम बिस्किटं असायची. मला पाहून माझ्या जावयाला कधी झाला नाही एवढा आनंद त्या कुत्र्यांना व्हायचा. त्या दुपारीही तसंच चाललं होतं. मी बिस्किटं फेकत होतो, शेपट्या हलत होत्या.

"बघ, बघ. ही म्हणे चावरी कुत्री! सगळे तुझ्या मनाचे खेळ आहेत."

ही रस्त्याच्या अगदी मधून, अंग चोरून चालत होती. मला वाटलं, रुसली आहे. बिस्किट टाकायच्या नादात मी दोन पावलं मागे सरकलो, आणि त्याच वेळी मागून दुधाची गाडी आली.

"अहो, इकडे या!" ही ओरडली.

गाडी माझ्या कोपराला वारा घालून निघून गेली. मी हसत वळलो. समोरच्या कुत्र्याच्या तोंडात माझं बिस्किट होतं. ते त्यानं खाली पडू दिलं.

मग सगळ्या रस्त्यावरची कुत्री उठायला लागली. कुणी पायरीवरून, कुणी मोटारीखालून, एक तर मागच्या नळाखाली भिजत होतं ते ओल्या अंगानं पुढे आलं. एकही भुंकलं नाही. सगळी तारेपर्यंत आली आणि थांबली. मी दोरी लावून तार पुरली होती तितक्याच सरळ ओळीत ती उभी होती. माझ्याकडे कुणी बघतही नव्हतं. सगळ्यांचे डोळे हिच्या तोंडावर होते.

आम्ही चालायला लागलो तशी तीही आपापल्या हद्दीच्या आतून आमच्याबरोबर चालायला लागली. एका घराची जागा संपली की ते कुत्रं थांबे आणि पुढच्या घरचं चालू लागे. गवतावर पंजे पडल्याचा आवाज तेवढा येत होता. खिशातला हात खिशातच राहिला.

रस्ता संपला, पाण्याच्या टाकीची भिंत आली, तेव्हा ही हळू आवाजात म्हणाली, "आता कळलं? सहा वर्षं मी मागच्या रस्त्यानं फिरते आहे. त्या बाजूला कुणाचीच कुत्री नाहीत."

"मग मला बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, उन्हाळ्यात कुत्री चिडतात."

म्हणालो होतो खरा. पत्र द्यायला हाक मारणाऱ्या पोस्टाच्या बाईला एक कुत्रं चावलं तेव्हाही मी हेच म्हणालो होतो.

यात माझी करामत काय, ती आता सांगतो. कुत्र्याला हद्द शिकवायची रीतसर पद्धत वेगळी आहे. तारेवर पांढरे छोटे झेंडे रोवायचे, कुत्र्याला दोरीनं झेंड्यांपाशी न्यायचं, टिर्र वाजलं की मागे ओढायचं. असे पंधरा दिवस. एवढा वेळ कुणाला आहे? मी माझी युक्ती काढली. झेंड्यांच्या पलीकडे कुणीतरी उभं राहून कुत्र्याला प्रेमानं बोलवायचं. कुत्रं धावत येतं, झटका खातं. तीन दिवसांत काम फत्ते, पुन्हा म्हणून तारेपाशी जात नाही. आणि प्रेमानं बोलवावं ते हिनंच. हिचा आवाज असा की भिंतीनंही उठून यावं. "ये रे माझ्या राजा, ये, ये," म्हणाली की परकं कुत्रंसुद्धा कान पाडून सुटायचं.

पहिल्या दिवशी ही रडली होती. मी समजूत काढली, "अगं, मुंगी चावल्यासारखं असतं. मी स्वतः हातावर घेऊन बघितलंय." घेतलं होतं, पण झटक्याच्या सगळ्यात खालच्या आकड्यावर. मग हिनं डोळे पुसले आणि उभी राहिली. नवऱ्याचा धंदा म्हणून वीस वर्षं उभी राहिली. झटका बसून कुत्रं केकाटलं की मी मागून जायचो, पाठ थोपटायचो, बिस्किट द्यायचो. हिला मात्र जवळ जायची बंदी. पलीकडचा माणूस पलीकडेच राहिला पाहिजे, असा माझाच नियम होता.

जनावरांच्या डॉक्टरनं पुढे मला साध्या शब्दांत सांगितलं, "तार त्याला दिसत नाही. दुखलं त्या क्षणी समोर जे दिसलं, जे ऐकू आलं, त्यानंच दुखवलं असं तो धरून चालतो. मग तो घाबरतो आणि घाबरलेलं कुत्रं चावतं."

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि चोराला वर शेपटी हलवून सलाम.

लेकीचा कुत्रा, भुऱ्या, आमच्याच घरी वाढलेला. आई मेलेलं पिल्लू होतं. हिनं त्याला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं, रात्री उशाशी घेतलं. लेक सासरी गेली तेव्हा तिच्या सोबतीला दिला. गेल्या वर्षी तो रस्त्यावर धावला आणि मोटारीखाली येता येता वाचला. जावई म्हणाला, "बाबा, आपल्याकडेही तार टाकू या."

ही नाही म्हणाली होती. "दुसऱ्या कुणाला तरी उभं करा," म्हणाली.

"त्याला दुसऱ्याची हाक कळायची नाही. हे एक शेवटचं," मी म्हणालो.

भुऱ्या अंगानं दांडगा म्हणून मी आकडा वरचा लावला. हिनं एकदाच हाक मारली. तोही मागे-पुढे न बघता सुटला, कान मागे, जीभ बाहेर. टिर्र वाजलं ते त्यानं ऐकलंच नाही. पुढे जे झालं ते मी बिस्किट घेऊन पोहोचेपर्यंत संपलं होतं. तो गवतावर पडून हिच्याकडे बघत होता.

मग नात झाली. त्या दुपारच्या महिनाभर आधी लेकीनं दारातच बाळ आजीच्या हातात दिलं. ही पाच मिनिटं बोबडं बोलत तिचे लाड करत होती. लेकीनं तिला घरात नेऊन पाळण्यात ठेवलं तर भुऱ्या उठून पाळण्याशी आला. बाळाच्या कपड्यांना हिच्या केसांच्या तेलाचा वास लागला होता. तो वास घेत राहिला आणि त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. गुरगुरला नाही. लेकीनं बाळ उचललं आणि त्या दिवसापासून आईला येऊ नको म्हणाली.

त्या दुपारी मी लेकीच्या अंगणातली तार उपटून काढली. खोका काढला, पट्टा काढला. ही बाहेर रस्त्यावर टोपडं धरून उभी होती.

"आता बोल," मी म्हणालो.

"भुऱ्या," ही अगदी हळू म्हणाली.

भुऱ्याचे ओठ मागे गेले, दात दिसले. तार नव्हती, पट्टा नव्हता, तरी मानेला पट्ट्यानं केस गेलेला चट्टा होता तिथली कातडी थरथरली. मी त्याला गळ्याला धरून मागच्या खोलीत कोंडलं. ही घरात आली, बाळ मांडीवर घेतलं, टोपडं घातलं आणि म्हणाली, "कोणाची गं तू? माझी का गं?"

मागच्या खोलीत धप्प आवाज झाला. मग पुन्हा. भुऱ्या भुंकत नव्हता, नुसता अंगानं दारावर आपटत होता. ही बोलायची थांबली की तो थांबायचा. चौथ्यांदा काहीतरी तुटल्यासारखं वाजलं. दार उघडून बघतो तर कडीला रक्त आणि खाली त्याचा सुळा पडलेला.

लेक रडायला लागली. "आई, आपण याला कुणाला तरी देऊन टाकू. मला तू हवी आहेस."

"अजिबात नाही," ही म्हणाली. बाळ तिनं लेकीच्या हातात दिलं होतं आणि ती दाराबाहेर जाऊन बोलत होती. "त्याचं काय चुकलं? मी बोलावलं, तो आला."

मी तिथेच होतो. वीस वर्षांत मी हिला एकदाही विचारलं नव्हतं, की तुला तिकडे उभं राहून काय वाटतं.

आठ दिवसांनी, रविवारी, मी निघायला बूट घालत होतो तर ही आतून माझं निळं जाकीट घालून आली. बाह्या दोनदा दुमडलेल्या. केस कोरडे, तेल नाही.

"अगं, हे काय गबाळं?"

"असू दे. डॉक्टरला फोन करून विचारलं मी. तिथे गेल्यावर मी एक शब्द बोलणार नाही. माझ्या वाटचंही तुम्हीच बोला. तसंही तुम्हाला बोलायला लागतंच."

त्या दिवशी सरळ रस्त्यानं गेलो. जाकीट दिसताच शेपट्या हलल्या. ही डावीउजवीकडे बिस्किटं टाकत गेली आणि मी बाजूनं नुसत्या सदऱ्यात चाललो. कुणी उठलं नाही.

भुऱ्यानं जाकिटाचा वास घ्यायला फार वेळ लावला. खिसा, बाही, काठ. मग पायांशी आला. त्याची शेपटी एकदा हलली, थांबली, पुन्हा हलली. हिनं उघड्या तळहातावर बिस्किट धरलं आणि त्यानं ते तुटक्या सुळ्याच्या बाजूनं सांभाळून उचललं. मग तो हिच्या पायांवर डोकं टेकून पडला. दूध पिऊन झालं की लहानपणी तो तसाच पडायचा. हिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण नाक ओढायलाही ती भीत होती.

लेकीनं बाळ मांडीवर दिलं. हिचे ओठ हलायला लागले आणि मी ते बघून मोठ्यानं म्हणायला लागलो. "आजी म्हणते, कोणाची गं तू?" चुकलं की ही मान हलवायची, मी दुरुस्त करायचो. अंगाई म्हणताना तर माझी पुरती फजिती झाली. लेक हसता हसता रडली.

दर रविवारी हेच. बाळ बसायला लागलं, रांगायला लागलं. आजीचा आवाज कसा आहे ते त्याला ठाऊक नाही. मी कितीदा म्हटलं, घरी आण तिला, आपल्याकडे बोल पोटभर. लेक आणतेही, महिन्यातून एकदा. पण आमच्या घरीसुद्धा नात समोर आली की हिचे नुसते ओठ हलतात. एकदा मी म्हटलं, "अगं, इथे कुठे कुत्रं आहे?" तर म्हणाली, "होत नाही हो. घशाशी आलं की मानेत काहीतरी होतं."

परवाच्या रविवारी नात भिंत सोडून पहिल्यांदा उभी राहिली. खोलीच्या त्या टोकाला. पाय लटपटत होते, दोन्ही हात वर. या टोकाला ही बसलेली, निळ्या जाकिटात, पायांवर भुऱ्याचं डोकं. जरा बाजूला मी. नात आजीकडे बघून हसली आणि एक पाऊल टाकलं. हिनं दोन्ही हात पुढे केले. तोंड उघडलं. भुऱ्याचा एक कान ताठ झाला. हिनं ओठ मिटून घेतले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण हिच्या वाटचं बोलायचं काम माझं होतं.

"ये," मी म्हणालो. "ये गं माझी राणी, ये."

नात थबकली. आवाज कुठून आला ते तिनं बघितलं आणि वळून माझ्याकडे चालत आली.

मी तिला धरलं. ही हात तसेच पुढे धरून हसत होती.