चाळिसावी आत्या

मला फक्त आत चालता येतं आणि माझी बायको शेवंता हिला फक्त बाहेर. लग्न ठरवताना दोन्हीकडच्यांना हे माहीत होतं. आमचं घर वांग्याच्या पानातल्या एका पेशीत आहे. भिंतीपासून मधल्या खोलीपर्यंत दोर ताणलेले आहेत आणि त्यांवरून आम्ही दोघं ओझी वाहतो. आत येताना शेवंता माझ्या खांद्यावर बसते, बाहेर जाताना मी तिच्या. शेजारचे हसतात. हसू देत. इतका सुखाचा संसार त्यांच्यात एकाचाही नाही.

ओझी म्हणजे आमच्या आत्या. घरात चाळीस आत्या आहेत, सगळ्या हिरव्या, गोल आणि बोलक्या. त्या उन्हाचा गूळ करतात. ऊन सरकलं की त्यांना उचलून उन्हात ठेवायचं, फार तापलं की आडोशाला न्यायचं, हे आमचं काम.

मंगळवारी सकाळी भिंतीतून एक पांढरी सोंड आत आली. तिथं द्वारकाआत्या बसल्या होत्या. आल्यागेल्याला तसंच कसं पाठवायचं म्हणून त्यांनी तिला गूळपाणी दिलं. सोंडेनं आणखी मागितलं. त्यांनी आणखी दिलं.

"कोण, कुठली, ते तरी विचारायचं," शेवंता म्हणाली.

"खाणाऱ्याला मध्येच कसं गं विचारणार?" आत्या म्हणाल्या.

दुपारपर्यंत सोंडेला नऊ फाटे फुटले आणि भिंती आमच्या कोपरांना लागू लागल्या. मधल्या खोलीत बसून घर चालवणाऱ्या मोठ्या काकांचा निरोप आला: सगळ्या आत्यांना माझ्याभोवती आणा. भिंतींतली शेजारी जाणारी भोकं मी एकेक करून बुजवतो आहे. मग घर वाळवायचं, म्हणजे ही ब्याद आपल्यासकट इथंच मरेल आणि पान वाचेल.

मला ते पटलं. पानावर एक तपकिरी ठिपका पडेल, एवढंच.

आम्ही एकोणचाळीस आत्या पोचवल्या. शेवटी द्वारकाआत्या उरल्या. घाबरून त्या दुप्पट फुगल्या होत्या, आणि माझ्या खांद्यावर त्या आणि शेवंता अशा दोघी मावेनात. सोंडेचा चेहरा पाहिलेल्या त्या एकट्याच. तो काकांना कळला नाही तर शेजाऱ्यांना सावध कसं करणार?

शेवंताच्या पुढ्यात शेवटचं भोक उघडं होतं.

"तू पलीकडे जा," मी म्हणालो.

"तुम्ही बसा खांद्यावर. दोघं जाऊ."

"आणि आत्या?"

तिनं माझी कॉलर सारखी केली. "वेळेवर जेवत जा," ती म्हणाली.

मी आत्यांना घेऊन आत निघालो. आत चालणाऱ्याला मागचं दिसत नाही. मला तिची आत्तापासूनच आठवण येत होती, आणि तरीही ती वाचणार म्हणून मी खुशीत होतो. वाटेत द्वारकाआत्यांनी एक हात मागं सोडला. तो लांबत गेला, शेवईसारखा बारीक होत गेला.

"हे काय?"

"पोरीला भोकापर्यंत सोबत," त्या म्हणाल्या.

मधल्या खोलीत आत्या दाटीवाटीनं बसल्या होत्या. द्वारकाआत्यांनी सोंडेचा चेहरा सांगितला. काकांनी तो लिहून घेतला आणि साऱ्या पानाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवला. कोपऱ्यांतलं पाणी ओसरू लागलं. काका शेवटचं भोक बुजवायला लागले आणि थांबले.

"यात बोट आहे. कुणाचं?"

"माझं," द्वारकाआत्या म्हणाल्या. "शेवंता पलीकडे पोचली. पण बोट सोडत नाही."

"ओढून घे."

"ओढवत नाही, दादा. गच्च धरलंय. आणि सोंड बोट हुंगत भोकाकडे येतेय."

सगळ्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. द्वारकाआत्या अजून माझ्याच खांद्यावर होत्या आणि त्यांचा हात ताठ झाला होता. मी आणखी एक पाऊल आत टाकलं तर बोट सुटून येणार होतं. खोलीत तेवढ्या एका पावलाची जागा होती. बाकीच्या आत्यांनी सरकून ती थोडी मोठी करून दिली.

"तूच ओढलंस, हे तिला कळेल हं," द्वारकाआत्या हळूच म्हणाल्या.

"कळू दे," मी म्हणालो आणि पाऊल उचललं.