पावलं शेकायचा चार्जर

चार्जर घरात नाही हे कळलं तो दिवस तसा साधाच होता. लेक ओट्यापाशी भांडी पुसत होती आणि तिचा बाप, पंपवाला, बायकोच्या टेबलाखाली वाकून हात फिरवत होता. बायको जाऊन अख्खा हिवाळा उलटला होता. इतके दिवस तो त्या टेबलाकडे वळून बघायचा आणि दुसऱ्या खोलीत जायचा. आज मात्र उठला तोच ठरवून, की तिचा लॅपटॉप उघडायचा. टेबलाखाली धूळ होती, एक बोथट पेन्सिल होती, आणि भिंतीतला सॉकेट रिकामा होता.

"इथला चार्जर कुठाय गं?"

लेकीचा हात थांबला. "तो काळा, जाडजूड? वायरीला चिकटपट्टी लावलेला?"

"तोच."

"बाबा, मी तेव्हा आवरलं ना. जुन्या वायरी सगळ्या पिशवीत भरल्या आणि भंगारवाल्याला दिल्या. मला वाटलं, बंद पडलेल्या टीव्हीचा असेल. एवढं धूड लॅपटॉपचं असतं का कधी?"

रागवावं असं त्यात काही नव्हतं. आई गेल्यावर पोरगी हाताला लागेल ते आवरत सुटली होती, कारण हात रिकामे राहिले की तिला रडू यायचं. पंपवाला "बरं" म्हणाला आणि तिथेच जमिनीवर बसला. बसला तो बराच वेळ उठलाच नाही.

"माझा लावून बघा की," लेक म्हणाली. "पिन बसेलसुद्धा."

"नको. हात लावू नकोस त्याला."

त्याचं कारण असं. बायको नकाशे काढायची. दिवसा एका बांधकामाच्या ऑफिसात लोकांच्या घरांचे, आणि संध्याकाळी या जुन्या लॅपटॉपवर स्वतःच्या घराचा. ते घर कधी बांधलं जाणार नव्हतं. त्याला जागा नव्हती आणि दोघांना घाईही नव्हती. काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघा, एवढंच ते घर. जेवणं उरकली की ती म्हणायची, "चला, घरी जाऊन येऊ." मग दोन खोल्यांच्या घरात बसून दोघं त्या दुसऱ्या घरात जायची. "पाय पुसून या हं," ती म्हणायची, आणि पंपवाला खरंच पाय हलवायचा. ती रेघा सरकवत त्याला एकेक खोली दाखवायची. त्याची खुर्ची कुठे, लेक आली की झोपणार कुठे, हे सगळं ठरलेलं होतं.

शेवटचं भांडण स्वयंपाकघराच्या खिडकीवरून झालं. त्याला ती रस्त्याच्या बाजूला हवी होती. कामावरून येताना बायको आत दिसावी, म्हणून.

"तुम्ही येताना दिसून मला काय मिळणार?" ती म्हणाली. "उगवतीला काढते. निदान ऊन तरी मिळेल."

"मी उन्हापेक्षा स्वस्त झालो का?"

"ऊन वेळेवर येतं," ती म्हणाली. मग बराच वेळ पडद्याकडे बघत माउस हलवत राहिली. "थांबा, सुचलंय मला काहीतरी. उद्या दाखवते." आणि तिने झाकण मिटलं.

ती मशीन कधी बंद करत नसे. "बंद केलं की सकाळी सगळं पुन्हा मांडा. त्यापेक्षा झोपू दे." झाकण मिटलं की मशीन पडद्यावरचं सगळं पोटात घेऊन झोपी जायचं. बाजूचा हिरवा दिवा लुकलुकायचा आणि विझायचा. विझला की पिन काढायची, आधी नाही, आणि पिन काढणं हे नवऱ्याचं काम होतं. मशीनची बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळे घाई केली तर सगळं पाण्यात. पण पंपवाल्याने आयुष्यभर शहराच्या पाण्याचे पंप सांभाळले होते. काटा शून्यावर आल्याशिवाय त्याने कधी व्हॉल्व्हला हात लावला नव्हता. त्या संध्याकाळीही त्याने दिवा विझू दिला होता.

सकाळी बायको उठली नाही.

म्हणजे तिला काय सुचलं होतं ते त्या झाकणाखाली अजून झोपलेलं होतं. त्याला तेवढंच हवं होतं.

बाजारातल्या दुकानदाराने त्याला एक सडपातळ चार्जर दाखवला. "काका, पिन बसली म्हणजे झालं." पंपवाला मान हलवून बाहेर पडला. पाइपाचं तोंड जुळलं म्हणून पाणी वरच्या मजल्यावर चढतंच असं नाही, एवढं त्याला ठाऊक होतं. त्याच दुकानाबाहेरच्या एकाने मग पत्ता सांगितला, लाँड्रीच्या वर, जिना चढून, जुन्या मशीनवाली बाई.

जिन्यात इस्त्रीची वाफ भरलेली होती. वरच्या खोलीत सगळीकडे जुने लॅपटॉप पुस्तकांसारखे उभे रचलेले, खिडकीच्या काचा वाफेने धुरकट, आणि त्यातून येणारा उजेड दुधासारखा. दुरुस्तीवाली चाळिशीची, केसांत स्क्रूड्रायव्हर खोचलेली. तिने मशीन उलटं केलं आणि पोटावरचा कागद बोटाने चाचपला.

"व्होल्ट दिसतायत. एकोणीस. त्यात चूक व्हायला नको. पुढचं सगळं घासून गेलंय. मांडीवर घेऊन बसायचात का?"

"बायको बसायची, थंडीत. गोधडीवर ठेवून."

"मग बरोबर. गोधडीने अँपिअर खाल्ले."

"म्हणजे?"

"व्होल्ट म्हणजे..." ती शब्द शोधू लागली.

"दाब," पंपवाला म्हणाला. "आणि ते दुसरं म्हणजे किती पाणी येतंय ते."

"हां. आणि दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट. दाब तंतोतंत लागतो. पाणी जास्त असलं तर बिघडत नाही, मशीन हवं तेवढंच पितं. कमी असलं तर मात्र पंचाईत. काका, हे मॉडेल दोन जातींचं यायचं. साधं, त्याला पासष्ट वॅट पुरतात. आणि नकाशे-बिकाशे काढणाऱ्यांचं, त्याला एकशेवीस. बाहेरून सख्ख्या जुळ्या बहिणी. पिनही तीच."

"नकाशेच काढायची."

"पण मशीन ऑफिसातून जुनं घेतलं असणार, कुठलंही असू शकतं. माझ्याकडे नव्वदचा आहे. बहुतेक चालेल."

"बहुतेक," पंपवाला म्हणाला.

ती हसली. "तुम्हाला तो शब्द आवडला नाही."

त्याने मग तिला सांगितलं, झाकण मिटलेलं, दिवा विझलेला, उद्या दाखवते. सांगताना तो तिच्याकडे न बघता काचेकडे बघत होता. तिने केसांतला स्क्रूड्रायव्हर काढून टेबलावर ठेवला.

"मग ऐका," ती म्हणाली. "डिस्क काढून मी फायली काढून देईन, पण त्या त्यांनी सेव्ह केलेल्या. त्या संध्याकाळचं जे उघडं होतं ते असं निघायचं नाही. ते फक्त मशीन स्वतः जागं झालं तरच. आणि जागं होताना ते सगळ्यात जास्त वीज मागतं. पंखा, डिस्क, पडदा, सगळे एकदम भुकेले. मध्येच कमी पडली तर मशीन मरत नाही, पण पुढच्या वेळी कोऱ्या पाटीने उठतं. कुठे होतो, काय करत होतो, काही नाही. आणि डिस्कही म्हातारी आहे, तिला मी दोनदा पळवणार नाही."

"एकदाच, म्हणजे."

"एकदाच. तो जुना चार्जर कसा होता, आठवतंय का? केवढा?"

पंपवाल्याने हाताने आकार दाखवायचा प्रयत्न केला, आणि हात मध्येच थांबले. किती वर्षं तो चार्जर टेबलाखाली होता, पण त्याने कधी नीट पाहिलाच नव्हता. त्याला आठवत होते ते तिचे पाय. थंडीत ती मोजे घालायची नाही. टेबलाखाली चार्जर गरम व्हायचा आणि ती त्याच्यावर पावलं ठेवून बसायची, चुलीपाशी बसल्यासारखी.

"पाय शेकायची त्याच्यावर," तो म्हणाला.

"एक पाऊल की दोन?"

"दोन्ही. शेजारी शेजारी. बोटं पुढे लोंबायची."

दुरुस्तीवालीने कपाटातून पासष्टचा काढला. साबणाच्या वडीएवढा. नव्वदचा काढला. तिने चप्पल काढली, तो जमिनीवर ठेवला आणि स्वतःची पावलं ठेवली. एक मावलं, दुसरं घसरलं.

"मोठी पावलं होती का त्यांची?"

"तुमच्याएवढीच."

"मग नव्वदचा नव्हताच," ती म्हणाली आणि तो परत कपाटात टाकला. "एकशेवीसचा शोधावा लागेल. आता बाजारात नाही मिळत. मी दोन-चार जणांना सांगून ठेवते. तुम्ही घरी जा, आणि कुणाचं ऐकून काही लावू नका. पिन बसणं वेगळं आणि जमणं वेगळं. लग्नासारखंच."

"आमची पिन बसायला दोन वर्षं लागली," पंपवाला म्हणाला. बऱ्याच दिवसांनी तो असं काही बोलला होता.

वाट पाहण्याच्या त्या दिवसांत त्याला दुपारच्या झोपेत ते घर दिसायचं. काळोखात पांढऱ्या रेघा, आणि तो त्यांच्यामधून चाललेला. दारं उघडावी लागत नसत, रेघ ओलांडली की झालं. खुर्ची जिथे ठरली होती तिथे होती. लेकीच्या खोलीत गादी घातलेली. पुढे स्वयंपाकघर, आणि तिथून भांड्यांचा आवाज. तो आवाजाकडे जायचा, पण रेघ मध्येच संपायची आणि पुढे नुसतं काळं. तिथे तो उभा राहायचा. पाय पुसलेत, असं त्याला सांगायचं असायचं. जाग आली की तळपाय गार असायचे.

एका सकाळी निरोप आला. कुठलं तरी ऑफिस रिकामं होताना चार्जर मिळाला होता. पंपवाला गेला तेव्हा तो टेबलावर ठेवलेला होता, काळा, विटेसारखा. त्याने हातात घेऊन वजन पाहिलं. मग तो खाली ठेवला, चपला काढल्या आणि दोन्ही पावलं त्याच्यावर ठेवली. त्याची बोटंच काय, चवडेही पुढे आले.

"हाच," तो म्हणाला.

दुरुस्तीवालीने भिंत आणि चार्जर यांच्यामध्ये एक छोटं मीटर लावलं. "वीज किती पितंय ते दिसेल. तुम्ही आकड्याकडे बघा, मी पडद्याकडे बघते."

"उलटं करू," पंपवाला म्हणाला. "आकडे बघवणार नाहीत मला." मग विचार बदलला. "नाही, मीच बघतो. सवय आहे."

तिने बटण दाबलं. पंखा खाकरला. पडद्याच्या तळाशी ठिपके एकेक करून पुढे सरकू लागले. मीटरवर तीस, मग पंचेचाळीस. डिस्क खरखरली. सत्तर. ठिपके थांबले. ऐंशी. पंपवाल्याने टेबलाची कड धरली. नव्वद, चौऱ्याण्णव, एकशे तीन. खालच्या लाँड्रीत कुणीतरी मोठ्याने शिंकलं. एकशे आठ, आणि मग आकडा हळूहळू उतरू लागला, पूर ओसरावा तसा.

"नव्वदचा असता तर कोसळला असता," दुरुस्तीवाली हळूच म्हणाली. "बघा आता वर."

घर होतं. काळ्यावर पांढरं, जिथल्या तिथे. खुर्ची होती, लेकीची खोली होती. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, जिथे रस्त्याकडची आणि उगवतीची भिंत मिळते, तिथून एक पातळ रेघ निघाली होती, आणि ती कुठेच टेकलेली नव्हती.

"माउस हलवा," ती म्हणाली.

पंपवाल्याने हलवला. रेघ त्याच्या हाताबरोबर हलली. एक टोक कोपऱ्यात घट्ट, दुसरं त्याच्या हातात. रस्त्याकडे नेली तर रस्त्याकडे गेली, उगवतीकडे नेली तर तिकडे. त्याने माउस सोडला आणि रेघ जागच्या जागी राहिली, वाट बघत असल्यासारखी.

"त्यांनी पहिलं टोक ठेवलंय," दुरुस्तीवाली म्हणाली. "दुसरं ठेवायच्या आधीच झाकण मिटलं."

"खिडकीचीच आहे का?"

"असेल. खिडकी कोपऱ्यापासून काढतात का पण?"

"काढतात कधी कधी. दोन्हीकडे उघडणारी." बायकोने कधीतरी लोकांच्या घराबद्दल बोलताना तसं सांगितलं होतं, की कुठल्या पाहुण्यांनी सांगितलं होतं, आता त्याला नक्की आठवेना. "तिलाच विचारायला हवं," तो सहज म्हणाला.

दुरुस्तीवाली म्हणाली, "काका, सेव्ह करायचं तर रेघ संपवावी लागेल. एक टिचकी मारा, जिथे हवं तिथे. नाहीतर रेघ सोडून द्यायची आणि बाकीचं घर ठेवायचं. आत्ता करून देऊ?"

"आत्ता नको." त्याने झाकण मिटलं. हिरवा दिवा लुकलुकला. दोघंही त्याकडे बघत राहिली. विझला तेव्हा पंपवाल्याने पिन काढली.

आता तो रोज संध्याकाळी टेबलाशी बसतो. चार्जर खाली असतो आणि त्याची पावलं त्याच्यावर. झाकण उघडलं की तो लेकीला हाक मारतो, "चल, घरी जाऊन येऊ." ती असली की येऊन शेजारी बसते. पहिल्या दिवशी बसण्याआधी तिने पाय हलवले. तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. तो रेघ थोडी इकडे नेतो, थोडी तिकडे.

"बाबा, ठेवून टाका ना एकदा. रोज जागं करताय, एखाद्या दिवशी नाही उठलं तर?"

"ठेवू," तो म्हणतो.

"कुठे पण?"

तो झाकण मिटतो, दिवा विझू देतो, पिन काढतो. खिडकीच्या रेघेचं दुसरं टोक ठेवायचं राहिलं आहे.