मराठीत सांग

पेशंट माझ्या तोंडाकडे बघत बसले की माझं पित्त खवळतं. दिल्लीत द्वारका भागातल्या एका हार्ट क्लिनिकमध्ये मी सोनोग्राफर आहे. हृदयाचा इको करते, मानेच्या आणि पायांच्या रक्तवाहिन्याही तपासते. मात्र काय दिसलं ते मी सांगायचं नाही, ते डॉक्टर सांगणार. मग लोक माझ्या भुवया वाचतात. पायांची तपासणी असली की नवरा, बायको, मेहुणा सगळे टक लावून उभे. एकदा मला साधी शिंक आली, तर मेहुण्याने विचारलं, "मॅडम, कुछ सीरियस है क्या?"

इकोचं त्या मानाने बरं. पेशंट डाव्या कुशीवर झोपतो, तोंड भिंतीकडे, पाठ माझ्याकडे. मी मागून हात पुढे घालून प्रोब छातीवर धरते. नातेवाइकांना बाहेरच बसवते. पेशंटला फक्त माझा आवाज ऐकू येतो, आणि आवाज मला सांभाळता येतो. पडद्यावर काहीही दिसो, माझ्या गप्पा थांबत नाहीत. निदान माझा तसा समज होता.

प्रमोदिनीकाकू आल्या त्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी. त्याआधी हृदय ठीक असल्याचा कागद लागतो, तेवढंच काम होतं. त्यांचं आडनाव वाचून मी मराठीत बोलायला लागले आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. माहेर साताऱ्याचं, पण नवऱ्याच्या मिनिस्ट्रीतल्या नोकरीपायी सगळा जन्म दिल्लीत गेलेला. कुशीवर वळल्या वळल्या त्यांनी चक्कीवाल्याची तक्रार सुरू केली.

"थालीपिठाची भाजणी नेली तर म्हणतो, भुना हुआ नहीं पीसेंगे, आटे में बास आ जाएगी. आता तूच सांग, भाजल्याशिवाय ती भाजणी कशी होणार?"

"माझी आई मिक्सरमध्ये करते, काकू. मग बाबा दातांत कचकच येते म्हणून कुरकुरतात."

त्या हसल्या, मीही हसले. तेवढ्यात पडद्यावर हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात काहीतरी हललं. गाठ होती. देठाला लोंबणारी, झडप उघडली की खालच्या कप्प्यात उतरणारी आणि परत वर येणारी. अशी गाठ वेळेत काढली तर माणूस बहुतेक वेळा ठणठणीत होतो. पण तिचा तुकडा सुटून मेंदूत गेला, तर काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

"साँस रोकिए," मी म्हटलं. "हाँ, ऐसे ही. अब छोड़ दीजिए. थोड़ा और लेफ्ट."

काकू वळल्या. भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "काय दिसलं गं?"

"कुछ नहीं आंटी, नॉर्मल प्रोसीजर है."

"आत्तापर्यंत काकू होते, आता आंटी झाले. तू हिंदीत का बोलायला लागलीस?"

मला पत्ताच नव्हता. भुवया सांभाळल्या, आवाज सांभाळला आणि जीभ परस्पर दुसऱ्या भाषेत जाऊन बसली. इतकी वर्षं मी कुठल्या शहाणपणाच्या जोरावर मिरवत होते कोण जाणे. "डॉक्टरांना बोलावते," एवढंच मला मराठीत जमलं.

डॉक्टर निखिल मेहरा भला माणूस आहे. त्यांनी पडदा नीट पाहिला, कागदावर हृदय काढून गाठ दाखवली आणि हिंदीत शांतपणे सांगितलं. गुडघा राहू द्या, आजच शेजारच्या हॉस्पिटलमध्ये भरती व्हा, लवकरात लवकर ऑपरेशन करू. काकू प्रत्येक वाक्याला "जी, बिल्कुल" म्हणत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी पर्स खांद्याला लावली.

"डॉक्टर साहब, दिवाली के बाद देखते हैं. अभी घर में प्रॉब्लम है."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "स्वरूपा, आप इन्हें अपनी भाषा में समझाइए."

अपनी भाषा! मी दिल्लीत वाढले. हृदय शिकले इंग्रजीत, ते पेशंटला समजावून द्यायला शिकले हिंदीत. मराठी माझ्याकडे आहे ती आईची, जेवायला हाका मारायची आणि कान उपटायची. वाईट बातमी सांगायची मराठी मला कोणी दिलेलीच नाही. हिंदीत मी उगाच नव्हते पळाले. मला मनापासून भीती वाटत होती.

"काकू, घरी काय प्रॉब्लेम आहे?" मी विचारलं.

त्या परत खुर्चीत बसल्या. त्यांचे यजमान बळवंतराव हळूहळू सगळं विसरत चालले होते. आधी माणसं विसरले, मग रस्ते, आणि आता हिंदी. मिनिस्ट्रीत आयुष्यभर हिंदीत टिपणं लिहिणारा माणूस, पण त्यांच्यासाठी घरी ठेवलेली अटेंडंट 'खाना खा लीजिए' म्हणाली की नुसता तिच्याकडे बघत बसतो.

"ताट समोर असून उपाशी राहतात गं. मी मराठीत ओरडले की जेवतात. मी इथे भरती झाले तर त्यांच्यावर ओरडणार कोण?"

"मुलं?"

"हेरंब आहे ना, गुरुग्रामला. सध्या ऑफिसच्या कामाने बंगळूरला गेलाय. त्याला कशाला टेन्शन द्यायचं?"

हे ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. मनात जुळवत बसलेली सगळी हळुवार वाक्यं बाजूला राहिली आणि तोंडातून थेट माझी आई बाहेर पडली.

"काहीतरीच काय बोलताय काकू? हेरंबला टेन्शन नको, चक्कीवाल्याशी भांडायला वेळ आहे, आणि स्वतःच्या जिवाचं काय? आत गाठ लोंबतेय. तिचा तुकडा मेंदूत गेला तर वाचा जाऊ शकते तुमची. मग कुठल्या भाषेत ओरडणार आहात त्यांच्यावर? ती पर्स खाली ठेवा. हेरंबला आत्ता फोन लावा. मुकाट्याने भरती व्हायचं. काकांना आज मी जेवू घालते."

डॉक्टर मेहरांना शब्द कळले नसावेत, पण ते चक्क एक पाऊल मागे सरले. काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. माझी नोकरी गेली, असंच मला वाटलं.

"किती वर्षांनी कोणी मला रागावलं," त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "लाव फोन."

हेरंबने उद्या सकाळी पोचतो म्हणून सांगितलं आणि अटेंडंटला मी येणार असल्याचं कळवलं. काकूंना व्हीलचेअरवर बसवलं तरी त्यांच्या सूचना चालूच होत्या. वरण पातळ हवं, भात कालवून द्यायचा, लिंबाच्या बिया काढायच्या. "आणि काका म्हणू नकोस. अहो म्हण. काका म्हटलंस तर पाहुणी आलीय समजून बाहेरच्या खोलीत जाऊन बसतील."

माझं लग्न झालेलं नाही. 'अहो' मी आजवर कोणाला म्हटलेलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. बळवंतराव टेबलाशी बसले होते, इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले. अटेंडंटने केलेला वरणभात मी कालवला, बिया काढून लिंबू पिळलं, ताट पुढे ठेवलं. "अहो, जेवून घ्या ना," मी अदबीने म्हटलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग मी कंबरेवर हात ठेवले.

"अहो, वरण गार होतंय. बघत काय बसलात? ताट काय चालत येणार आहे तोंडात?"

त्यांनी लगेच घास घेतला. मग दुसरा. अटेंडंट दारात उभी राहून थक्क झाली. मला इतका आनंद झाला की मी अजून दोन वाक्यं त्यांना विनाकारण सुनावली.

बळवंतराव चावायचे थांबले. माझ्याकडे निरखून बघितलं.

"आज दम लागला नाही तुला," ते म्हणाले. "हल्ली ओरडलीस की लागतो."

दम लागतो हे काकूंनी ना मला सांगितलं होतं, ना डॉक्टरांना. मुलालाही नसणार.

"डॉक्टरांना दाखवलंय," मी म्हटलं. "औषधपाणी सुरू झालंय."

"मग बरं झालं," ते म्हणाले आणि वरणासाठी वाटी पुढे केली.