गोठ्यातली मेंढी

"डोळे बघ तिचे! हळदीसारखे पिवळे झालेत. हे तुझं पुण्य!" टोमिनाने काठीने गोठ्याचं दार ढकललं.

एरलंड, तिचा लेक, नाकाला रुमाल लावून उभा राहिला. मेंढी पेंढ्यावर आडवी पडून धापा टाकत होती.

"आई, चारलंच ना मी तिला? एवढ्या थंडीत खडकांवर समुद्राचं शेवाळ चघळत होती बिचारी."

"बिचारी तुझी बायको. ही नव्हे."

बेटाभोवती छातीएवढी दगडी भिंत. गवत आत, गाईंसाठी. मेंढ्या बाहेर, समुद्राच्या अंगाला. पिढ्यान्‌पिढ्या शेवाळ खाऊन त्यांची पोटंच तशी झालेली. शेवाळात तांबं नावापुरतं, म्हणून मिळेल तो कण त्या धरून ठेवतात. पिल्लांच्या दिवसांत थोडं गवत चालतं. त्याउपर गवत-खुराक दिला, की तेच तांबं साठून जीव घेतं. बेटावरचं शेंबडं पोरही हे जाणतं. एरलंड बाराव्या वर्षी शाळेसाठी शहरात गेला, तो सगळं विसरूनच आला. टोमिना कंबर मोडून तीन महिने अंथरुणाला खिळली, हा सांभाळायला आला आणि यानं मेंढीवर दया केली.

"झालं ते झालं," तो म्हणाला. "दुपारच्या बोटीनं शहरात चल. गरम खोली, मऊ गादी, वेळेवर जेवण. काय कमी आहे?"

"हिला काय कमी केलं होतंस?"

तो चिडून म्हणाला, "तुझ्या वाटणीची भिंत वादळात ढासळलीय. वसंतापर्यंत उभी नाही केलीस तर मेंढ्या दुसऱ्याच्या होतील. बेटाचाच नियम ना? या कंबरेनं बांधणार तू?"

"मग तुझ्या कंबरेनं?"

"पडशील तिथं. कुणाला कळणारही नाही."

"तुला कळून काय उजेड पडला?"

मेंढीने एकदा पाय झाडले. टोमिना वाकली, तिच्या कानावरच्या खुणेवरून अंगठा फिरवला आणि गोणपाट ओढून तिचं तोंड झाकलं.

बोटीचा भोंगा वाजला तेव्हा ती भिंतीच्या खिंडारात होती. एरलंड बॅग घेऊन वाटेवर थांबला. तिने मागे पाहिलं नाही. तोही हाक न मारता धक्क्याकडे उतरला.

पहिला दगड तीनदा निसटला. चौथ्यांदा तिने तो पोटाशी धरून चढवला, हलवून पाहिला. बसला.

खाली ओहोटी लागली होती. उरलेल्या मेंढ्यांनी माना वर केल्या आणि एकामागून एक ओल्या खडकांवर उतरल्या.

टोमिनाने दुसरा दगड उचलला.