दुसरा वेढा

चष्म्याच्या काड्या वाकवायच्या यंत्रातून गरम हवा सुटली, तशी रवींद्रने खोक्याची कड तिच्यासमोर धरली. टेप ढिली झाली. पातळ पातीने त्याने ती कडेकडेने उचलली आणि झाकण उघडलं. सहा वर्षांत त्याने असा एकही खोका उघडला नव्हता. खोका उघडला की आतला पुतळा नुसतं खेळणं होऊन जातो, असं तोच सगळ्यांना सांगायचा.

पण हा खोका हलका होता.

गुरुवारची दुपार. दुकानाचे मालक जेवायला घरी गेले होते. भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या त्या गल्लीत दोन्ही अंगांना कापडाचे लूम चालत होते आणि भिंतीतून येणाऱ्या खडखडाटाने काउंटरवरच्या ट्रेमधल्या काचा एकमेकींना लागून बारीक किणकिणत होत्या. रवींद्रने पुतळा तळहातावर घेतला. कंदीलवाला. एका परदेशी कार्टून मालिकेतल्या सात पहारेकऱ्यांपैकी सातवा, शेवटचा.

पहिला पहारेकरी त्याने पहिल्या पगारातून घेतला होता, अठराशेला. तो खोक्यासकट हातात घेतला की नदीतला गोटा उचलल्यासारखा भार लागायचा. खोक्याच्या मागच्या पारदर्शक खिडकीतून दिसायचं, त्याच्या झग्याची मागची कडसुद्धा रंगवलेली होती, जिच्याकडे कुणीच बघत नसतं. मग दर वर्षी किंमत चढत गेली आणि माल उतरत गेला. तिसऱ्याची बोटं एकमेकांना चिकटून आली. पाचव्याच्या झग्याला मागून रंगच नव्हता. हा कंदीलवाला साडेअकरा हजारांचा, आणि हातात रिकाम्या काडेपेटीसारखा.

रवींद्रने डोळ्याला भिंग लावलं. पुतळ्याचं एक बुबुळ नाकाकडे सरकलं होतं. त्यामुळे तो आपल्याकडे बघत नव्हता. आपल्या मागे कुणी उभं असावं आणि त्याच्याकडे बघावं, तसा बघत होता. रवींद्रने एकदा मागे वळूनही पाहिलं. मागे फक्त फ्रेमांचा आरसा होता.

खोक्यातून थिनरचा वास येत होता. हा वास कुठेतरी रोजचा आहे असं त्याला वाटलं, पण कुठला ते आठवेना.

दोन वर्षांपासून कंपनीने प्लास्टिकच्या पट्ट्या बंद करून पुतळे पांढऱ्या धाग्याने बांधायला सुरुवात केली होती. ते काम मशीनचं. गाठी एकसारख्या, सैलसर. ही गाठ मात्र हाताची होती. बारीक, चपटी, दाण्यासारखी घट्ट. एकाऐवजी दोन वेढे घेतलेले. आणि धाग्याची टोकं कात्रीने कापल्यासारखी सरळ नव्हती, चेपल्यासारखी होती.

त्याने धागा अंगठ्यावर ताणून धरला आणि मोबाइलने अगदी जवळून फोटो काढला. फोटोत अंगठ्याचं नखही आलं. मधोमध उभी चीर असलेलं. तेवढा भाग कापून टाकावा असं त्याच्या मनात आलं. मग त्याला वाटलं, राहू दे, गाठ केवढी आहे ते अंगठ्यामुळे कळेल.

संग्राहकांच्या ग्रुपवर दोनशेवर माणसं होती. मुंबईची, पुण्याची, नाशिकची. कुठला पुतळा अस्सल आणि कुठला नकली हे रवींद्रने सांगितलं की त्यावर पुढे कुणी बोलत नसे. त्याने फोटो टाकला आणि खाली लिहिलं : खोका खरा आहे, आतला माल बदललेला आहे. ही गाठ कंपनीची नाही.

फोन काउंटरवर थरथरू लागला.

"रवीदा, मानलं. भिंग कमी, नजर जास्त."

"अकरा हजार घेऊन हे देतात? आत टाका साल्यांना."

पुण्याच्या दिशाने लिहिलं, "माझ्याही कंदीलवाल्याला हीच गाठ आहे. रडू येतंय मला."

ठाण्याच्या विपुलचा आवाजी निरोप आला. मागे रस्त्यावरचे हॉर्न होते.

"रवीदा, फोटो कंपनीच्या मुंबईतल्या वकिलांकडे पाठवलाय मी. सहा महिने झाले, माल कुठे बदलतात ते शोधतायत. आता बघ, गाठ सापडली म्हणजे हात सापडणार, आणि हात सापडला की माणूस."

रवींद्रने तो निरोप दोनदा ऐकला. मालक आले तेव्हा तो शीळ घालत काचा पुसत होता.

शुक्रवारी लूम बंद असतात. गल्ली इतकी गप्प होती की समोरच्या चहावाल्याने कप विसळलेला इथे ऐकू येत होता. अकराच्या सुमाराला ग्रुपवर कुणा अनोळखी माणसाने लिहिलं : ही लूमवाल्यांची गाठ आहे. मागावर सुताची तार तुटली की अशी सांधतात. माल भिवंडीतच भरला जातोय.

खाली अंगठ्यांची रांग लागली. रवींद्रने मात्र अंगठा दाखवला नाही. फोन त्याने पालथा घातला.

शनिवारी दुपारी विपुलने एकच शब्द लिहिला. राहनाळ.

राहनाळला गोदामं काय एक-दोन आहेत? शेकड्यांनी आहेत. रवींद्रने स्वतःला हे दिवसभर सांगितलं. गिऱ्हाइकांना वाचायला लावायच्या तक्त्यावरच्या अक्षरांसारखं ते ओळीओळीने बारीक होत गेलं.

*

आक्का साडेसहाला घरी आली. चप्पल दाराबाहेर काढून तिने पदराने मान पुसली आणि रवींद्रला तो वास आला. थिनरचा. रोजचा. तिच्या पदराला गेले आठ महिने तो येत होता.

धम्मदिना तिचं नाव. गोदामातल्या बाया तिला दिनाबाय म्हणत, रवींद्र आक्का. त्याची बहीण, त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो पाचवीत होता. तिथून पुढे त्याची वह्या-पुस्तकं, चष्म्याचा कोर्स, सगळं तिने लूमसाठी सूत गुंडाळायच्या कांडी मशीनवर बसून ओढून आणलं. मग कारखान्याचे लूम एक दिवस भंगाराच्या ट्रकात चढले आणि आक्का राहनाळला पॅकिंगच्या कामाला जाऊ लागली. कसलं पॅकिंग, ते रवींद्रने विचारल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"तोंड का उतरलंय? मालक बोलला का?"

"नाही गं."

"मंग शर्ट दे तो. दोन दिस झालं बटण लोंबतंय. लोकांचं डोळं तपासतोस अन् सोताचं बटण दिसत न्हाय."

ती भिंतीला टेकून बसली. तिच्या डोक्यावर बुद्धाची तसबीर, तिच्या शेजारी काचेचं शेल्फ, त्यात सहा पहारेकरी आपापल्या बंद खोक्यांत. सातवा त्याच्या पिशवीत होता. आक्का दर रविवारी त्या खोक्यांवरची धूळ पुसायची, पोराच्या पाठीवरून हात फिरवावा तशी.

सुईत दोरा ओवताना ती गुणगुणू लागली. कांडी मशीनच्या घरघरीत एकीने म्हणायचं आणि दुसरीने उचलायचं, तसलं गाणं.

*तुटला गं बाई धागा, त्याला सांधिते दातानं,*
*बंधू न्हानाचा गं थोर, केला मी गं या हातानं.*

दोन टाके झाले आणि दोरा तुटला. आक्काने नवा दोरा घेतला नाही. तुटलेली दोन टोकं तिने बोटांत एकावर एक धरली. तिची करंगळी नीट वळत नाही, जोर लागत नाही. म्हणून एक वेढा घेतला, मग त्यावर दुसरा. खेचलं. मग गाठ तोंडाजवळ नेऊन टोकं दाताने तोडली.

रवींद्रला त्यासाठी भिंग लागलं नाही.

बाहेर कुणाच्या तरी घरचा कुकर शिट्टी द्यायचा थांबला होता. तो उठून माठाकडे गेला, पाणी न घेताच परत आला.

"आक्का, तू गोदामात नेमकं काय करतेस?"

"आता इचारतोस व्हय?" ती हसली. "सांगितलं व्हतं की तुला. म्हटलं, रवी, तुझ्यासारखंच बाहुलं असत्यात आमच्याकडं. तू फोनात व्हतास. बरं बरं म्हणालास."

"काय करायचं असतं त्या बाहुल्यांचं?"

"खोका उघडायचा. जुना काढून ठेवायचा, नवा बसवायचा. बांधायचा, खोका बंद. दामू म्हनतो, परतीचा माल हाय." सुई कापडात थांबली. "मला पयले वाटलं, नवा म्हंजे बरा असंल. मंग हातात घेऊन बघितला. जुना जड लागायचा. इचारलं तर दामू म्हनतो, दिनाबाय, तुम्हाला खेळायचंय का?"

दामू म्हणजे गोदामाचा सुपरवायझर. रवींद्रने त्याला एकदा बस स्टॉपवर पाहिलं होतं, आक्काची पिशवी उचलून देताना.

"आज त्यानं समद्यांना रांगेत उभं केलं," आक्का म्हणाली. "शाळंतल्या पोरींवानी. मोबाइलवरला फोटो एकेकीम्होरं धरला. ये गांठ किसका है, बोलो. घाबरला की हिंदीत बोलतो तो. कमळा म्हनली, गाठीला काय नाव लिवलेलं असतं काय रं दाम्या? समद्या हसल्या."

"मग?"

"मंग तो हसला न्हाय. म्हनला, नाव आलं पायजे, न्हायतर बाराच्या बारा जणी जातील. वरनं फोन आलाय."

आक्काने बटणाखालून सुई काढली. शेल्फाच्या काचेत तिचा खांदा दिसत होता आणि त्या खांद्यापलीकडे सहा पहारेकरी उभे होते, सरळ समोर बघत.

"मंग काय," ती म्हणाली. "बोलले, माझी हाय."

रवींद्र खाली बसला.

"कशाला बोललीस?"

"माझीच हाय म्हणून. दोन येढं कोन घेतं माझ्याबिगर? रूपाला म्हाईत व्हतं, कमळाला म्हाईत व्हतं. एकीनं बी त्वांड उघडलं न्हाय. तवा मलाच उघडावं लागलं."

"आता काय म्हणतात?"

"सोमवारी धाला बोलावलंय. मुंबईचं दोन मान्सं येणार हायती. आधार कार्ड घेऊन ये म्हनला." तिने दोरा पुन्हा गुंडाळला. "रूपा म्हनते, दिनाबायला सुपरवायझर करत्यात. येडी हाय. बक्षीस द्यायला कुणी आधार कार्ड मागत न्हाय, येवढं मलाबी कळतं."

पिशवीत रवींद्रचा फोन थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला. आक्काने पिशवीकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"सोमवारी जाऊ नकोस," तो म्हणाला. "वज्रेश्वरीला जाऊ आपण. तू किती दिवस म्हणतेस, कुंडाच्या गरम पाण्यात बोटं सोडून बसायचंय. सकाळच्या एसटीने जाऊ. मी सुट्टी घेतो."

"तीन वर्सं म्हनतेय."

"म्हणूनच."

"अन् मी न्हाय गेले तर रूपाला उभी करतील. तिचं पोर अजून अंगावर पितंय." आक्का शांतपणे म्हणाली. "कुंड कुठं पळून चाललंय? तितलं पानी आपसूक गरम असतंय. कुणी गेलं न्हाय तरी."

"आक्का, तो फोटो..."

"हात दे."

त्याला वाटलं, ती सुई धरायला सांगते आहे. त्याने हात पुढे केला. आक्काने त्याचा अंगठा आपल्या बोटांत घेतला आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडे वळवला. सहा वर्षांचा असताना तिचा डबा घेऊन तो कारखान्यात गेला होता आणि फिरणारी कांडी बघता बघता त्याने अंगठा आत घातला होता. तेव्हा पदर फाडून तिनेच तो बांधला होता. नखावरून तिने आपलं खरबरीत बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत, चिरेच्या रेषेनं.

"फोटो लई जवळनं काढलेला," ती म्हणाली. "गाठ दिसत व्हती. नख बी दिसत व्हतं."

रवींद्रचा हात तिच्या हातात तसाच राहिला. तिने तो दाबला नाही, झटकलाही नाही. थोड्या वेळाने शर्टाच्या घडीवर ठेवून दिला, जिथून घेतला होता तिथे ठेवावा तसा.

"कमळानं बी बघितला असंल," ती म्हणाली. "पन तिला काय म्हाईत, नख कुनाचं."

मग ती उठली. पत्र्याच्या डब्यातून तिने आधार कार्ड काढलं, पदराने पुसलं आणि सोमवारच्या पिशवीत, रिकाम्या डब्याशेजारी ठेवलं. गॅस पेटवला.

"शर्ट घालून बघ," तिकडे तोंड करूनच ती म्हणाली. "बटण बसलंय का नीट?"

रवींद्रने शर्ट घातला. बटण काजात गेलं. त्याने ते जरा ओढून पाहिलं, मग जोराने ओढलं. निघालं नाही.